केनियातल्या बालग्रामात जरूर जा, पण ठेव मोडून नको

प्रश्न थोडक्यात असा. वसईच्या एक वाचक, वय ३६, खासगी रुग्णालयात नर्स. पगार हातात ४०,००० रुपये. घरी आई आणि त्या, दोघींचा महिन्याचा खर्च २८ ते ३० हजार. बँकेत २,२०,००० रुपयांची मुदत ठेव आणि एक एसआयपी. चर्चच्या ओळखीतून एक गट तीन आठवड्यांसाठी केनियातल्या बालग्रामात, म्हणजे मुलांना सांभाळणाऱ्या संस्थेत, सेवेसाठी चालला आहे. खर्च २,४०,००० रुपये. त्यात विमान ६२,०००, आयोजकांचं ‘सहभाग शुल्क’ १,१५,०००, प्रवेश-परवाना, लस, विमा मिळून १८,००० आणि मुलांसाठी भेटवस्तू व वरखर्च ४५,०००. त्या विचारतात, ‘ठेव मोडू, की बँक देते आहे ते २ लाखांचं वैयक्तिक कर्ज घेऊ? आयोजक म्हणतात की ८०जीची (देणगीवरच्या करसवलतीची) पावती मिळेल, कर वाचेल.’

‘इथे काय कमी मुलं आहेत?’ असं तुम्हाला घरात आणि शेजारी ऐकावं लागलं असेल. मी तसं म्हणणार नाही. कुठे सेवा करायची हा तुमच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यात सल्लागाराने पडू नये. माझा आक्षेप पैसे कुठून काढायचे आणि ते कुठे पोचणार, या दोन ठिकाणी आहे.

आधी कर्ज. दोन लाख, १४ टक्के, तीन वर्षं असं धरलं तर हप्ता येतो साधारण ६,८३५ रुपये आणि व्याजच जातं ४६,००० च्या आसपास. घरखर्च आणि एसआयपी जाऊन तुमच्या हातात महिन्याला जेमतेम आठ हजार उरतात. म्हणजे परत आल्यावर तीन वर्षं आईच्या एका आजारपणाचीही सोय राहणार नाही. कर्ज नको.

आता ठेव. तुम्ही तिला ‘पडून असलेले पैसे’ म्हटलंय, पण माझ्या लेखी ती पडून नाही. तुमच्या घरात कमावणारं माणूस एकच. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा, म्हणजे १,८०,०००. तुमच्या ठेवीतले खरोखर मोकळे आहेत ते फक्त ४०,००० रुपये. आणि २,४०,००० हा आकडाही अपुरा आहे. तीन आठवडे बिनपगारी रजा घेतलीत तर आणखी २८,००० बुडतील.

८०जीबद्दल स्पष्टच सांगते. वर्षाला ४ लाख ८० हजारांच्या पगारावर आज तुम्हाला कर भरावाच लागत नाही, मग वाचणार काय? शिवाय ही सवलत भारतात नोंदणी असलेल्या पात्र संस्थेला दिलेल्या देणगीवर असते. ज्या पैशांच्या बदल्यात तुमची राहण्या-जेवणाची सोय होते, ते शुल्क झालं, देणगी नव्हे. जे आयोजक त्यावर देणगीची पावती देऊ करतात, त्यांच्या बाकीच्या कागदांकडेही मी बारकाईने पाहीन.

हे १,१५,००० सगळ्यात मोठं कलम आहे आणि त्याचा हिशेब तुम्हाला मिळालेला नाही. तो लेखी मागा. राहणं-जेवण किती, देशांतर्गत प्रवास किती, आयोजकांचा प्रशासकीय खर्च किती, आणि प्रत्यक्ष बालग्रामाच्या खात्यात किती. मागायला संकोच नको. लोक हे पैसे मुलांच्या नावाने देतात.

हिशेबाइतकंच महत्त्वाचं म्हणजे तिथलं काम काय असणार. बालग्राम ही कल्पना हर्मन ग्मायनर यांनी १९४९ मध्ये ऑस्ट्रियातल्या इम्स्ट इथे सुरू केलेल्या एसओएस संस्थेमुळे जगभर पसरली. एका घरात काही मुलं, त्यांना सांभाळणारी आई म्हणजे घरमाता, आणि सख्खी भावंडं एकत्र. पुण्यात आणि अलिबागलाही अशी बालग्रामं आहेत. पण हेच नाव लावणारी प्रत्येक संस्था तशीच चालते असं नाही. केनियाच्या सरकारने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि २०२२ मध्ये मुलांना संस्थांमधून कुटुंबांकडे नेण्याचं दहा वर्षांचं धोरण जाहीर केलं. कारण संस्थेतल्या अनेक मुलांची आई किंवा वडील हयात असतात. गरिबीमुळे मूल तिथे येतं, आणि पाहुण्यांच्या पैशांवर संस्था चालते तेव्हा ते घरी परतावं यासाठी कुणी फारसं झटत नाही. म्हणून विचारा, गेल्या काही वर्षांत किती मुलं घरी परत गेली? सरकारी नोंदणीची प्रत दाखवता का?

आणखी एक. तुमच्याकडे पोलिसांचा चारित्र्य दाखला त्यांनी मागितला का? पत्रात उल्लेख नाही. जी संस्था अनोळखी माणसांना दाखल्याशिवाय मुलांमध्ये सोडते, तिथे मुलं सुरक्षित नाहीत. अशा संस्थेला तुमचा एक रुपयाही जाऊ नये. पासपोर्ट सेवा केंद्रातून हा दाखला मिळतो, तो स्वतःहून काढून ठेवा.

तीन आठवडे खेळायला येऊन निघून जाणारी माणसं लहान मुलांना जड जातात. जीव लागतो आणि माणूस जातो, दर सुट्टीत तेच. तुमचं खरं मोल तुमच्या नर्सिंगमध्ये आहे. घरमातांना तापाची नोंद ठेवणं, जुलाबात पाणी कसं द्यायचं, भाजल्यावर काय करायचं, औषधांचं कपाट कसं लावायचं, हे शिकवलंत तर ते तुमच्यामागेही चालू राहील. मात्र इंजेक्शन देणं वगैरे प्रत्यक्ष उपचार करायचे तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलची परवानगी लागते. पगार नसला तरी पर्यटक म्हणून जाऊन संस्थेत काम करता येत नाही, त्यासाठी वेगळा परवाना लागतो. तो कोण काढणार, हेही विचारा. पिवळ्या तापाची लस मात्र टाळू नका. निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. केनियाहून परतताना दाखला नसेल तर मुंबई विमानतळावर विलगीकरणात राहावं लागू शकतं. एकदा घेतली की दाखला जन्मभर चालतो.

माझा सल्ला, यंदा नको, दीड वर्षाने जा. आठ हजारांची आवर्ती ठेव उघडा. अठरा महिन्यांत व्याजासह दीड लाखाच्या आसपास जमतील, त्यात मोकळे ४०,००० मिळवले की १,९०,००० झाले. एसआयपी थांबवायची नाही. दरम्यान हक्काची रजा साठवा, म्हणजे पगार बुडणार नाही. भेटवस्तूंचं कलम काढून टाका. घरमातांना काय लागतं ते विचारून तिथल्याच बाजारातून घ्या. वरखर्चाला १२,००० ठेवले तर एकूण खर्च २,०७,००० वर येतो. उरलेले सतरा हजार चर्चमधली मंडळी द्यायला तयार आहेत असं तुम्हीच लिहिलंय. ते घ्या, पण तुमच्या खात्यात नकोत, पॅरिश म्हणजे तुमच्या चर्चमार्फत पावती करून घ्या आणि आल्यावर हिशेब वाचून दाखवा. विम्यात आणीबाणीत हलवण्याचा खर्च आणि स्वयंसेवी काम दोन्ही आहे ना, हे पॉलिसीत स्वतः वाचा.

आयोजकांनी पंधरा तारखेपर्यंत परत न मिळणारे २५,००० रुपये आगाऊ मागितले आहेत. ते भरू नका. वरचे प्रश्न ई-मेलने पाठवा. तारीख उलटली म्हणून त्यांनी जागा दुसऱ्याला दिली तर देऊ द्या. उत्तरं आली की मला पाठवा, शुल्काचा तक्ता मी तुमच्यासोबत बसून तपासेन.