तीनने भागलेल्या क्लॉकची ड्युटी सायकल ५०% कशी आणायची?

तुम्ही लिहिलंय की १२ मेगाहर्ट्झचं क्लॉक मॉड-३ काउंटरने (दर तीन क्लॉकला एक फेरी पूर्ण करणाऱ्या सर्किटने) ४ मेगाहर्ट्झवर आणलं, पण ऑसिलोस्कोपवर ते एक तृतीयांश वेळच हाय दिसतं, म्हणजे ड्युटी सायकल (पिरियडपैकी हाय असण्याचा वाटा) ३३ टक्के. सरांना निम्मं हाय, निम्मं लो हवंय आणि काउंटरची जोडणी कितीही बदलली तरी ते जमत नाहीये. जोडणी बदलून ते जमणारही नाही. तुमचा काउंटर फक्त रायझिंग एजवर (क्लॉक लोचं हाय होतानाच) हलतो. तीन एजच्या फेरीत आउटपुट एक पिरियड हाय राहील किंवा दोन, आणि तुम्हाला हवाय दीड. तो अर्धा पिरियड फॉलिंग एजकडूनच (क्लॉक हायचं लो होताना) मिळतो.

सम आकड्याने भागताना ही अडचणच येत नाही. निम्मे एज मोजायचे आणि आउटपुट उलटं करायचं. घड्याळातल्या ३२,७६८ हर्ट्झच्या क्रिस्टलमागे दोनने भागणारे १५ फ्लिप-फ्लॉप (एक बिट साठवणारी सर्किटं) लावले की बरोबर १ हर्ट्झ मिळतो, तोही ५० टक्क्यांचा.

आता तीनचं सर्किट. दोन ७४एचसी७४ (प्रत्येकात दोन डी फ्लिप-फ्लॉप) आणि एक ७४एचसी०२ (चार नॉर गेट) घ्या. फ्लिप-फ्लॉपना अ, ब, क म्हणू. अ आणि ब यांच्या आउटपुटचा नॉर (दोन्ही लो असतील तरच हाय) अ च्या डी पिनला, म्हणजे डेटा इनपुटला, द्या आणि अ चं आउटपुट ब च्या डी पिनला. हा झाला मॉड-३. चुकून दोन्ही एकदम हाय झाले तरी पुढच्याच क्लॉकला तो आपोआप रुळावर येतो. क च्या डी पिनलाही अ चंच आउटपुट द्या, पण त्याचं क्लॉक उलटं करून. म्हणजे क ही अ चीच अर्धा पिरियड उशिरा येणारी प्रत. शेवटी अ आणि क यांचा ऑर (एक जरी हाय असला तरी हाय) घ्या, दीड पिरियड हाय मिळेल. एक नॉर काउंटरला, एक क्लॉक उलटं करायला, दोन मिळून ऑर: ७४एचसी०२ चे चारही गेट नेमके वापरले जातात. मला हे सर्किट फार आवडतं.

ऑर गेटवर ग्लिच (क्षणभराचा खोटा पल्स) येईल अशी भीती असेल तर ती नको. अ खाली येतो तेव्हा क हाय असतो आणि क वर जातो तेव्हा अ हाय असतो, त्यामुळे दोन्ही इनपुट एकाच क्षणी कधीच बदलत नाहीत. मात्र ऑरला थेट फ्लिप-फ्लॉपचंच आउटपुट द्या, मध्ये डिकोडिंगचं गेट घालू नका.

यातली खरी मेख पुस्तकी उत्तरात सहसा सांगत नाहीत. फॉलिंग एज नक्की मधोमध येते असं आपण गृहीत धरलंय. मी रबाळे एमआयडीसीत मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये आहे. आमच्याकडे ऑसिलेटरचा नवा लॉट लागला आणि हेच सर्किट ५३ टक्के दाखवू लागलं. सर्किट बरोबरच होतं. त्या ऑसिलेटरच्या डेटाशीटमध्ये सिमेट्री, म्हणजे त्याची स्वतःची ड्युटी सायकल, ४० ते ६० टक्के दिलेली होती आणि तो ६० च्या टोकाला होता. हिशोब करा: इनपुटचा पिरियड ८३.३ नॅनोसेकंद, त्यातला हाय भाग ५०. आउटपुट हाय राहणार ८३.३ अधिक ५०, म्हणजे २५० पैकी १३३.३ नॅनोसेकंद. इनपुटमधली १० टक्क्यांची चूक तीनने भागली जाते, नाहीशी होत नाही. शिवाय क्लॉक उलटं करणाऱ्या गेटचा काही नॅनोसेकंदांचा उशीर वर चढतोच.

म्हणून क्रिस्टल निवडायची मोकळीक असेल तर माझं मत स्पष्ट आहे: २४ मेगाहर्ट्झचा घ्या, आधी तीनने भागा आणि सगळ्यात शेवटी एका फ्लिप-फ्लॉपने दोनने. फॉलिंग एज लागतच नाही आणि इनपुट कितीही वाकडं असलं तरी आउटपुट निम्मंच राहतं.

५० टक्के खरंच हवेत का, हेही सरांना विचारा. पुढचं सर्किट फक्त रायझिंग एजवर चालत असेल तर ३३ टक्केही चालतात. दोन्ही एजवर डेटा घ्यायचा असेल किंवा दुसरा हार्मोनिक (क्लॉकच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचा घटक) नको असेल, तर मात्र हवेतच. एफपीजीएमध्ये (प्रोग्रॅम करता येणाऱ्या लॉजिक चिपमध्ये) करणार असाल तर असं गेटमधून काढलेलं क्लॉक वापरू नका. त्यासाठी आतला पीएलएल (हवी ती फ्रिक्वेन्सी बनवणारं सर्किट) आहे, नाहीतर क्लॉक एनेबल (क्लॉक तेच ठेवून ठराविक एजलाच फ्लिप-फ्लॉप हलू देणारा सिग्नल).

ब्रेडबोर्डवर थेट १२ मेगाहर्ट्झला जाऊ नका. फंक्शन जनरेटरवर १०० किलोहर्ट्झ लावा, प्रत्येक आयसीच्या सप्लायला खेटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या, ७४एचसी७४ च्या प्रीसेट आणि क्लिअर पिन सप्लायला बांधा, आणि उरलेल्या चौथ्या फ्लिप-फ्लॉपचे इनपुट लोंबकळत ठेवू नका. मग जनरेटरची ड्युटी ५० वरून ६० वर न्या आणि आउटपुट ५३.३ वर सरकताना सरांना दाखवा. व्हायवात पुढचा प्रश्न बहुतेक पाचने भागायचा येईल. तिथे काउंटरचं आउटपुट दोन पिरियड हाय ठेवा, बाकी सगळं हेच.