जठर स्वतःलाच का पचवत नाही? आणि पचनाबद्दलचे आणखी काही प्रश्न

प्रश्न : उकडलेला बटाटा बराच वेळ चघळला की गोडसर लागतो. म्हणजे स्टार्च तोंडातच पचतो का?

सुरुवात तिथे होते, एवढंच. लाळेतलं अमायलेज हे विकर (एन्झाइम, म्हणजे अन्नाचे रेणू तोडणारं प्रथिन) स्टार्चच्या लांबलचक साखळ्या मध्येच ठिकठिकाणी तोडतं आणि त्यातून माल्टोज ही साखर सुटते. गोडी तिचीच. पण घास तोंडात टिकतो किती? गिळल्यावरही घासाच्या आत हे काम थोडा वेळ चालू राहतं. जठरातलं आम्ल भिनलं की थांबतं. उरलेला स्टार्च लहान आतड्यात स्वादुपिंडाचं अमायलेज तोडतं. तेही ग्लुकोजपर्यंत पोचत नाही. शेवटचा घाव घालतात आतड्याच्या अस्तरावरच बसलेली माल्टेज, सुक्रेज यांसारखी विकरं. फळा-भाज्यांतला सेल्युलोजही ग्लुकोजचाच बनलेला असतो, पण त्याचे दुवे वेगळ्या धाटणीचे. ते तोडणारं विकर माणसाकडे नाही.

प्रश्न : जठर मांस पचवतं, मग स्वतःला का पचवत नाही? मुलीने विचारलं आणि मी निरुत्तर झालो.

मुलीला शाबासकी द्या. जठरात प्रथिनं तोडणारं विकर म्हणजे पेप्सिन. जठराच्या पेशी ते थेट बनवतच नाहीत. त्या बनवतात पेप्सिनोजेन, म्हणजे त्याचं निष्क्रिय रूप. त्याला एक जादा तुकडा जोडलेला असतो आणि तो नेमका विकराच्या कापणाऱ्या खाचेवर बसतो, म्हणजे हत्यार कुलूपबंद. पेशीबाहेर आम्लाशी गाठ पडली की तुकडा निघतो, आणि मोकळं झालेलं पेप्सिन इतर पेप्सिनोजेनचीही कुलपं तोडू लागतं. जठराच्या पोकळीत पीएच (आम्लतेचा आकडा; जितका कमी तितकं आम्ल तीव्र) २ च्या आसपास असतो. भिंतीवरच्या श्लेष्माच्या (चिकट स्रावाच्या) थरात आम्ल शमवणारं बायकार्बोनेट असल्यामुळे पेशींलगत तो ७ च्या जवळ जातो आणि तिथे पेप्सिनचं काही चालत नाही.

स्वादुपिंडाची व्यवस्था तर याहून चोख. तिथून निघणारं ट्रिप्सिनोजेन, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या ट्रिप्सिनचं कुलूपबंद रूप, वाटेत निष्क्रियच राहतं. त्याला जागं करणारं एंटेरोकायनेज लहान आतड्याच्या अस्तरावर असतं. ट्रिप्सिन एकदा तयार झालं की कायमोट्रिप्सिन आणि इतरांना तेच कामाला लावतं. प्रथिनांचं बहुतेक पचन इथेच होतं. जठर काढलेल्या माणसालाही प्रथिनं पचतात ती यामुळेच. हीच विकरं स्वादुपिंडाच्या आतच जागी झाली तर मात्र ग्रंथी स्वतःला पचवू लागते. नळीत अडकलेला पित्तखडा आणि अतिमद्यपान ही त्याची नेहमीची कारणं. पोटात तीव्र वेदना असताना डॉक्टर रक्तातलं लायपेज (मेद तोडणारं विकर) आणि अमायलेज तपासतात ते याच संशयाने.

प्रश्न : माझं पित्ताशय काढलं आहे. आता तेल-लोणी कायमचं बंद का?

बहुतेकांना तशी गरज पडत नाही. पित्त यकृतात तयार होतं. पित्ताशय फक्त साठवतं. आता पित्त थेट आतड्यात झिरपत राहील. पित्तात मेद पचवणारं विकर नसतं. ते मोठ्या थेंबांचे बारीक थेंब करतं, म्हणजे स्वादुपिंडाच्या लायपेजला काम करायला पृष्ठभाग मिळतो. गंमत अशी, की हेच पित्तक्षार लायपेजला थेंबावरून ढकलूनही देतात. त्याला तिथे धरून ठेवायला कोलायपेज नावाचं छोटं प्रथिन लागतं. तुमच्या बाबतीत एकदम भरपूर मेद आला तर साठ्यातलं पित्त मिळणार नाही, म्हणून सुरुवातीला थोडं थोडं खा. जुलाब होत राहिले तर शल्यविशारदांना सांगा.

प्रश्न : दूध प्यायलं की पोट फुगतं. ही ॲलर्जी का?

बहुधा नाही. जगातल्या बहुसंख्य प्रौढांमध्ये दुधातली साखर तोडणारं लॅक्टेज हे विकर बालपणानंतर कमी होतं. न तुटलेली ही साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि वायू धरतो. अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं असं काही होत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा.

प्रश्न : पचन सुधारायला विकरांच्या गोळ्या घ्याव्यात का?

निरोगी माणसाने? नको. विकर हेही प्रथिनच, आणि साधं घेतलं तर जठरात त्याचा बराचसा भाग वाया जातो. स्वादुपिंड पुरेशी विकरं बनवत नसेल, मल तेलकट व तरंगणारा येत असेल, वजन उतरत असेल, तर डॉक्टर आम्लात न विरघळणाऱ्या आवरणाच्या कॅप्सूल देतात. त्या जेवणासोबतच घ्यायच्या, चावायच्या नाहीत.