मशकबीनवाला 'बीनकार' नव्हे

विचारणा अशी: गढवालमध्ये लग्नाच्या वरातीत ढोल-दमाऊबरोबर मशकबीन, म्हणजे बॅगपाइप, वाजवतात, त्या वादकाला बीनकार म्हणावं का? आणि मराठीत त्याला शब्द कोणता?

बीनकार मुळीच म्हणू नये. बीनकार म्हणजे रुद्रवीणा ऊर्फ बीन वाजवणारा. बंदे अली खाँ बीनकार होते, ते काही वरातीपुढे गाल फुगवून चालत नव्हते. तरीही निवेदक मंडळी मशकबीनवाल्याला सर्रास 'बीनकार' ठोकून देतात. मराठीत मशकवाला म्हणा, पलटणीच्या बँडमधला असेल तर पाइपर.

गंमत आहे ती 'मशकबीन' या जोडशब्दात. मशक फारसी: भिस्त्याच्या पाठीवरची कातडी पिशवी. तिची थोरली बहीण आपली पखाल, म्हणजे पय अधिक खाल. आणि बीन? इथेही वीणेला ओढून आणणाऱ्या पंडितांना दंडवत, पण ही बीन गारुड्याची. पुंगी नीट पाहा. वर भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या दोन नळ्या. एका नळीवर बोटं फिरतात, दुसरी एकच सूर धरून बसते. ब्रिटिश पलटणींबरोबर डोंगरात आलेल्या बॅगपाइपची तऱ्हा हीच: एका नळीवर चाल, बाकीच्या आधारसुराला, आणि हवेच्या साठ्याला भोपळ्याऐवजी कातडं. म्हणजे मशकबीन ही कातड्याची पुंगी! हे 'बॅगपाइप'चं निव्वळ भाषांतर आहे म्हणणाऱ्यांनी सांगावं, मग 'मशकनळी' का नाही झालं?

वादकाला पिशवीवरून नाव देण्याची खोड जुनीच. लॅटिनमध्ये तो उट्रिक्युलारियुस, 'उट्रिक्युलुस' म्हणजे छोटी कातडी पिशवी. सत्ता टिकली तर विजयाच्या खेळांत आपण उट्रिक्युलारियुस म्हणूनही उतरू, असा नवस रोमन सम्राट नीरोने अखेरच्या दिवसांत बोलल्याचं त्याचा चरित्रकार सुएटोनियस सांगतो. दक्षिण गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, रोमन काळच्या शिलालेखांत याच नावाचे संघ आहेत. ते मात्र वादकांचे नव्हेत. कुणी त्यांना फुगवलेल्या कातड्यांवर तराफे हाकणारे मानतं, कुणी पखाली करणारे. ग्रीक 'आस्काउलेस' तसाच: आस्कोस पिशवी, आउलोस पावा. तुर्कीत तुलुम म्हणजे कातडी पिशवी, वाजवणारा तुलुमजू. स्पेनच्या गॅलिसियात वादक तो गायतेइरो; त्याच्या 'गायता' या वाद्यनावाचं मूळ काही जण अरबीत शोधतात. मला जुन्या गॉथिक भाषेतली 'गायत्स', म्हणजे बकरी, पटते. कातडं कुणाचं होतं ते तरी कळतं.

पिशवीला हा मान उगाच नाही. वादक श्वास घेतो तेव्हा काखेतली पिशवी दाबून सूर चालू ठेवतो. दाब ढळला की आधारसूर डगमगतो, आणि नवशिका लगेच जिभाळ्या, म्हणजे नळ्यांतल्या सूर काढणाऱ्या पातळ पट्ट्या, तासायला बसतो. आधी सगळ्या नळ्यांना बुचं मारून पिशवी ताठ फुगवावी. ती लवकर ढिली पडली तर हवा शिवणीतून नाहीतर नळ्या बांधल्या आहेत तिथून जाते आहे. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला ही म्हण इथे बरोब्बर उलटी होते, कारण दुखणं पखालीलाच असतं.