पोलंडमधल्या वॉर्साचं जुनं शहर सगळं युद्धानंतर बांधलेलं आहे म्हणे. मग तिथे वेळ घालवावा की थेट क्राकोला जावं?

घालवावा. निदान दोन पूर्ण दिवस तरी द्या. हे झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पण ते ‘म्हणे’ वाचलं आणि राहवलं नाही, कारण हेच वाक्य मी आमच्या साडूंच्या तोंडून वॉर्साच्या राजवाड्यासमोर उभं राहून ऐकलंय आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक कार्यात ऐकतोय.

झालं असं, की आम्ही दोन्ही जोडपी बरोबर गेलो होतो. समोर विटकरी रंगाचा राजवाडा, चौकात झिगमुंट राजाचा उंच खांब, बायका फोटो काढण्यात दंग. साडूभाऊंनी मोबाइलवर वाचलं की हा राजवाडा परत बांधायचं १९७१ मध्ये ठरलं आणि १९८४ मध्ये तो लोकांसाठी उघडला. झालं! “आमची सोसायटी याहून जुनी आहे. फिल्मसिटीतला सेट आहे हा. चला, कॉफी घेऊ.”

त्याच पानावर चार ओळी खाली काय लिहिलंय ते वाचायचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत. वॉर्सा काही नुसत्या लढाईत सापडून पडलेलं नाही. १ ऑगस्ट १९४४ ला तिथल्या भूमिगत सैन्याने जर्मनांविरुद्ध उठाव केला, ६३ दिवस लढले आणि २ ऑक्टोबरला शस्त्रं खाली ठेवली. खरा विध्वंस त्यानंतर झाला. लोकांना शहराबाहेर काढलं आणि जर्मन पथकं एकेक रस्ता घेऊन घरं पेटवत, सुरुंग लावत निघाली. राजवाड्याच्या भिंतींना सुरुंगाची भोकं तर युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात पाडून ठेवली होती. जानेवारी १९४५ मध्ये रशियन फौजा आत आल्या तेव्हा शहरातल्या ८५ टक्क्यांच्या आसपास इमारती गेलेल्या होत्या. ज्यांचं शहर मुद्दाम पुसलं, त्यांनी ते होतं तसं उभं केलं, तर आपण त्यांना डुप्लिकेट म्हणायचं?

आणि उभं केलं तेही अंदाजपंचे नाही. तिथल्या तंत्रविद्यापीठाच्या वास्तुकला विभागातल्या मंडळींनी जुन्या इमारतींची मापं घेऊन काढलेले नकाशे होते. ते प्योत्रकुफ नावाच्या गावातल्या मठात लपवले म्हणून वाचले. शिवाय बेलोट्टो नावाच्या इटालियन चित्रकाराने अठराव्या शतकात काढलेली शहराची चित्रं होती. ती राजवाड्यातच लावलेली आहेत. आधी ती बघा, मग बाहेर पडून क्राकोफ्स्किए पश्शेदम्येश्चे या रस्त्याने चाला आणि ताडून पाहा. (नाव उच्चारायच्या फंदात पडू नका, नकाशा दाखवा.) युनेस्कोने १९८० मध्ये हे जुनं शहर जागतिक वारसा यादीत घेतलं ते या पुनर्बांधणीसाठीच.

‘ओरिजिनल’च हवं असेल तर तेही आहे, फक्त खाली-वर बघत चालावं लागतं. झिगमुंटचा १९४४ मध्ये पाडलेला खांब राजवाड्याच्या कडेला आडवा पडलाय. कॅथीड्रलच्या बाहेरच्या भिंतीत लोखंडी पट्ट्याचा एक गंजका तुकडा बसवलाय. जर्मनांनी स्फोटकं भरून दुरून चालवलेल्या छोट्या रणगाड्याचा तो पट्टा. साडूभाऊ त्याच्यावरून दोनदा गेले. दाखवला तर म्हणाले, “हो का?”

मग मी हट्टाने सगळ्यांना मुरानुफ या वस्तीत नेलं. तिथे टुरिस्ट फारसे जात नाहीत. दिसायला साध्या, चार मजली सरकारी इमारती. मेहुणीने विचारलं, “इथे प्रत्येक घराला रस्त्यावरून पायऱ्या चढून का जायचं?” आमच्या सबंध सहलीतला सगळ्यात शहाणा प्रश्न. कारण त्या टेकाडाखाली ज्यूंचा घेट्टो आहे, म्हणजे जर्मनांनी ज्यूंना भिंतीआड कोंडलेली वस्ती. १९४३ चा तिथला उठाव मोडल्यावर जर्मनांनी तो भाग भुईसपाट केला. मलबा इतका, की उचलून नेणंच शक्य नव्हतं. लाखर्ट या वास्तुविशारदाने त्यावरच वस्ती उभारली, आणि मलबा भरडून केलेल्या ठोकळ्यांनीच. शहरात ठिकठिकाणी फुटपाथवर घेट्टोच्या भिंतीची लोखंडी रेघ आहे, ‘१९४०–१९४३’ अशी. पोलंडमधल्या ज्यूंच्या इतिहासाचं पोलिन संग्रहालय तिथून चालत अंतरावर आहे, ते चुकवू नका.

जवळच मोंते कासिनो या इटलीतल्या लढाईच्या स्मारकापाशी कोल्हापूरचं नाव असलेला फलक आहे. १९४३ ते ४८ वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यांच्या आठवणीचा. मराठी माणूस वॉर्सा टाळून पुढे जातो याचं मला वाईट वाटतं ते यासाठीही.

साडूभाऊ दरवर्षी काशीला जातात. तिथलं आजचं मंदिर अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधलं हे ते अभिमानाने सांगतात. ते डुप्लिकेट नाही!

आता एक-दोन गोष्टी प्रामाणिकपणे. ‘होतं तसं’ हे पूर्ण खरं नाही. जुन्या शहरात दर्शनी भाग जुना, पण आत पन्नाशीच्या दशकातली घरं. मागची दाटीवाटीची बांधकामं परत उभारलीच नाहीत. ज्यूंची वस्तीही परत बांधली नाही, ती बांधायला माणसं उरली नव्हती. आणि जुन्या बाजारचौकात जेवू नका, दोन गल्ल्या पुढे जा. १९४४ च्या उठावाचं संग्रहालय आणि पोलिन दोन्ही मंगळवारी बंद असतात, त्या हिशेबाने दिवस ठरवा.

क्राकोला जरूर जा, रेल्वेने अडीच तासांत पोचाल. साडूभाऊंना तिथला वावेलचा राजवाडा फार आवडला, ‘अस्सल’ म्हणून. तो १७०२ मध्ये स्वीडिश फौजा आत असताना जळाला, पुढे ऑस्ट्रियन सैन्याने त्याची बराक केली आणि १९०५ मध्ये ते गेल्यावर त्याची डागडुजी सुरू झाली. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. पुढच्या महिन्यात भाच्याची मुंज आहे.