स्वे बार बदलण्याआधी गाडीखाली वाक

घोडबंदर रोडला गायमुखच्या वळणांवर गाडी कलते म्हणून लगेच जाड स्वे बार (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारा आडवा दांडा) मागवू नकोस. आधी बारला चाकांच्या बाजूला जोडणारे लिंक रॉड आणि बार धरून ठेवणारे रबरी बुश तपास. आपल्याकडच्या खड्ड्यांत रबर लवकर बसतं. माझ्या गाडीत कलण्याबरोबर खडखडही होती. लिंक आणि बुश बदलले, अर्धी तक्रार तिथेच मिटली. टायरची हवा बघ, आणि छतावरचं ते कॅरिअर उतरव बाबा, रिकामं कशाला मिरवायचं?

तरीही कलत असेल तर बारचा विचार कर. बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. भरीव बार ३० ऐवजी ३२ मिमीचा घेतला, की तो साधारण २९ टक्के जास्त ताठ होतो. दोनच मिलिमीटर! पण बार डावं-उजवं चाक जोडतो, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेलं की धक्का दुसऱ्या बाजूलाही जातो. मागच्या सीटवर आई-बाबा असतील तर ते बोलून दाखवतीलच. कच्च्या रस्त्यावर चाकं मोकळी खाली-वर होत नाहीत, ते वेगळंच.

फक्त मागचा बार फार ताठ केलास, तर पावसात वळणावर मागची बाजू घसरू शकते. ब्रेक मारताना नाक खाली जात असेल, तर तो दोष बारचा नाही, शॉकअप बघ.