इम्प्लांटचा कोर्स: कर्ज काढण्याआधी एक वही मांडा

कोकणातल्या शृंगारतळीच्या एका डेंटिस्ट ताईंचा प्रश्न आहे. बीडीएस, स्वतःचं क्लिनिक, नऊ वर्षांची प्रॅक्टिस. मुंबईत इम्प्लांटचा (पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायच्या स्क्रूचा) चार टप्प्यांचा हँड्स-ऑन कोर्स आहे, फी २,४०,००० रुपये अधिक जीएसटी. जोडीला एका कंपनीची ऑफर: २,२०,००० रुपयांत ४० इम्प्लांट घ्या, हाडात ड्रिल चालवायची मोटर फुकट. दोन्हीसाठी पाच लाखांचं कर्ज १३ टक्क्यांनी चार वर्षांसाठी मिळतंय. हाताशी सहा लाखांची एफडी आहे. कर्ज काढू की एफडी मोडू, असं त्या विचारतात.

डॉक्टर, दोन्ही करू नका. कोर्स मात्र करावा, असंच माझं मत आहे.

आधी खरा खर्च बघू. फीवर १८ टक्के जीएसटी धरला की २,८३,२०० होतात. तुमची रुग्णसेवा जीएसटीमुक्त आहे, त्यामुळे या कराचं क्रेडिट तुम्हाला मिळणार नाही. मुंबईत राहणं-येणंजाणं तुमच्याच अंदाजाने ४०,०००. शिवाय बारा दिवस क्लिनिक बंद. महिन्याला क्लिनिकचा खर्च वजा जाता ८५,००० सुटतात, म्हणजे महिन्याचे पंचवीस कामाचे दिवस धरले तर बुडणारे ४१,००० धरा. एकूण ३,६४,०००. 'हे सगळं टॅक्समध्ये वजा होतं' असं तुम्हाला सांगितलं गेलंय, पण तुम्ही अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीने (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४४ एडीए) निम्मी जमा उत्पन्न दाखवता. त्या पद्धतीत सगळे खर्च उरलेल्या निम्म्यात धरलेलेच असतात, कोर्सची फी वेगळी वजा होत नाही.

आता कमाई. एका इम्प्लांटला पेशंट २७,००० देतो. इम्प्लांट, अबटमेंट (इम्प्लांट आणि कॅप जोडणारा भाग) आणि लॅबचे ११,००० जातात, महिन्यातून एकदा येणारे सर्जन ९,००० घेतात, तुम्हाला ७,००० उरतात. कोर्सनंतर २७,००० पूर्ण तुमचे होतील असा हिशोब तुम्ही मांडलाय, पण आजच्या पेशंटवर वाढ होते ती फक्त सर्जनच्या ९,००० ची. म्हणजे कोर्सचा खर्च निघायला चाळीस इम्प्लांट लागतील. गेल्या वर्षी तुमच्याकडे झाले चौदा. त्यांतले सगळे तुम्ही लगेच हातात घेऊ नयेत. वरच्या जबड्यात सायनसखाली (गालाच्या आतल्या पोकळीखाली) हाड कमी असलेला, शुगर आटोक्यात नसलेला, वर्षानुवर्षं मिश्री लावणारा पेशंट सर्जनकडेच राहू दे. उरले सात. सातच्या वेगाने चाळीसला पावणेसहा वर्षं लागतात, आणि कर्जाचा हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून सुमारे १३,४०० रुपये. सात इम्प्लांटची वाढीव कमाई महिन्याला सव्वापाच हजारांच्या आसपास. गणित बसत नाही.

तरीही कोर्स करा म्हणतो, त्याचं कारण तुमच्याच पत्रातल्या एका ओळीत आहे: 'मुंबईकर पेशंट सर्जनची तारीख जुळत नाही म्हणून परत जातात.' खरी कमाई इथे आहे. हा पेशंट आज तुम्हाला काहीच देत नाही. तो तुमच्याकडे राहिला तर एका इम्प्लांटमागे १६,००० सुटतील. आणि आपल्याकडच्या चाकरमान्यांचं येणंजाणं या उपचाराला छान जुळतं. इम्प्लांट हाडात मुरायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने आणि वरच्यात सहा, असा आधुनिक इम्प्लांटचे जनक ब्रोनेमार्क यांच्या काळापासूनचा ठोकताळा आहे. मे महिन्यात खाली बसवला तर गणपतीत कॅप, गणपतीत वर बसवला तर शिमग्याला. फक्त टाके काढायला आठवडा-दहा दिवस लागतात, तेवढी रजा आहे का हे आधी विचारायचं.

म्हणून आजपासून मे अखेरपर्यंत एक वही ठेवा. तारीख न जुळल्याने कोण परत गेलं, कुठला दात, शुगर किती, पुन्हा गावाला कधी येणार, एवढंच लिहा. वर्षाला असे सहा पेशंट जरी थांबले तरी ९६,००० होतात. आधीच्या सात इम्प्लांटचे ६३,००० त्यात मिळवले की ३,६४,००० सव्वादोन-अडीच वर्षांत निघतात. शिमगा आणि मे मिळून वहीत चार नावंही आली नाहीत, तर वर्षभर थांबा.

कोर्स जून-जुलैत धरा. तेव्हा मासेमारी बंद असते, लावणी चालू असते, तुमची खुर्ची तशीही रिकामी असते. बुडणारे दिवस स्वस्त पडतात. घरखर्च, गृहकर्ज आणि क्लिनिकचं भाडं-पगार मिळून महिन्याला ८५,००० लागतात, म्हणजे सहा महिन्यांना पाच लाखांवर. हाताला दुखापत झाली तर घर चालवणारी तीच एफडी आहे. तिला मोडू नका. दहा हजारांची एसआयपी सात महिने थांबवा, महिन्याला उरणारे पंधरा हजार त्यात घाला; पावणेदोन लाख जमतील. फी आणि राहण्या-येण्याजाण्याला कमी पडणारे दीड लाख एफडीवर ओव्हरड्राफ्ट घेऊन भरा. त्याचं व्याज सहसा एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतं, आणि जेवढे वापराल तेवढ्यावरच लागतं.

कंपनीची ऑफर साफ नाकारा. परत जाणारे पेशंट थांबले नाहीत आणि वर्षाला सात-आठच लागले, तर चाळीस इम्प्लांट पाच-सहा वर्षांचा साठा झाला, आणि निर्जंतुक पाकिटांवर मुदत छापलेली असते, ती बहुधा पाच वर्षांच्या आसपास. शिवाय नेमका हवा तो व्यास आणि लांबी त्यात असेलच असं नाही. पहिल्या काही केसेस तुमच्या सर्जनना शेजारी उभं करून त्यांच्याच मोटरवर करा. त्यांना पाच हजार द्या, ते पैसे वाया जात नाहीत.

फी भरण्यापूर्वी आयोजकांना एकच गोष्ट खोदून विचारा: माझ्या हातून जिवंत पेशंटमध्ये किती इम्प्लांट बसतील? प्लॅस्टिकच्या जबड्यात रक्त नसतं, जीभ मध्ये येत नाही, ड्रिल थंड ठेवणारा सलाइनचा नळ नीट लागला नाही तरी काही बिघडत नाही. खऱ्या हाडात ड्रिलखाली ४७ अंशांच्या वर मिनिटभर उष्णता राहिली तर हाड मरतं आणि इम्प्लांट धरत नाही. चार टप्प्यांत एक-दोनच स्वतः बसवायला मिळणार असतील तर तीन लाख जास्त आहेत; दुसरा कोर्स शोधा.

शेवटी विमा. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. खालच्या जबड्यातल्या नसेला धक्का लागून ओठ बधिर राहिला तर तक्रार तुमच्या नावावर होईल. तुमच्या व्यावसायिक विम्यात इम्प्लांटची शस्त्रक्रिया धरली आहे का, हे विमा कंपनीकडून पहिल्या केसच्या आधी लेखी घ्या.