गोंधळ मोबाईलवर घेताना

बाळा, तुळजापूरचा देवीचा गोंधळ मोबाईलवर रेकॉर्ड करणार म्हणालास, फार बरं वाटलं. एक कर, फोन संबळापासून, म्हणजे त्यांच्या जोडढोलापासून, आठ-दहा हात लांब ठेव. संबळ कडाडला की रेकॉर्डिंगमध्ये आवाज फाटतो, मग तुणतुणं ऐकूच येत नाही. दिवटीच्या उजेडात चित्र आपोआप पांढरं पडतं. स्क्रीनवर बोट दाबून धर आणि उजेड कमी कर.

सुरू करण्याआधी गोंधळी मामांना विचार. गोंधळ हा कुळाचार आहे, ज्याच्या घरचा त्या यजमानाचीही परवानगी हवी. पूजेचा काही भाग दाखवू नको म्हणाले तर कॅमेरा बंद. वाद घालायचा नाही.

अर्ध्या मिनिटाच्या रील खुशाल टाक, पण सुरुवातीच्या गणापासून शेवटच्या आरतीपर्यंत सगळं अखंड घेऊन यूट्यूबवर ठेव. खाली गाव, तालुका, प्रसंग आणि गाणाऱ्याचं नाव त्यांना विचारून लिही. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर दर्जा पार उतरतो.

आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्या? त्याही रेकॉर्ड कर. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन या अभ्यासकांच्या ओव्या गोळा करण्याच्या प्रकल्पात लाखाहून जास्त ओव्या जमल्या, त्यात आपल्या मराठवाड्यातल्या बायाही गायल्या आहेत. त्या ऐक, मग आजीजवळ बस. जातं फिरतं ठेव, त्याशिवाय तिला ओवी सुचायची नाही.